पेटंट मिळालं म्हणजे जिंकलो का? कोर्ट काय म्हणतं ते आधी बघा



समजा, राजूरमध्ये तुमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. सरकी लावायचं टोकण यंत्र तुम्ही असं सुधारलं की एका माणसाची मजुरी वाचते. शेतकरी मागणी करतायत. कोणीतरी सांगतं, "पेटंट घे, मग कॉपी करायची कोणाची हिंमत नाही." कर्ज काढून त्याच्या मागे लागण्याआधी हे वाचा.

कायदा सांगतो की शोध नवा हवा, त्यात 'शोधाची पायरी' हवी आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. पण ही पायरी किती उंच? ते मोजायचं काम कोर्टाने केलंय.

भांड्यांचा खटला

मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजने लेथवर भांडं घट्ट धरायच्या युक्तीचं पेटंट घेतलं, ते १९५१ पासून लागू होतं. काम जलद होतं, धोका कमी आणि फिनिश चांगलं, असा दावा होता. दुसऱ्या भांडीवाल्याने तीच पद्धत वापरली, म्हणून त्यांनी केस केली. समोरच्याने उलट पेटंटच रद्द करा म्हणून मागणी केली.

१९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: पेटंट रद्द! कारण ही फक्त 'वर्कशॉपमधली सुधारणा' आहे. आधीच माहीत असलेल्या गोष्टी कोणत्याही कुशल कारागिराला सुचतील अशा जोडल्या, तर तो शोध होत नाही. कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: पेटंट दिलं गेलं म्हणजे ते वैध आहे याची हमी नसते. खटला जुन्या १९११ च्या कायद्याखालचा, पण ही कसोटी आजही लावली जाते.

आपल्या कपाशीचा खटला

बीटी कपाशी आपल्याकडे आली ती जालन्याच्या महिकोमार्फत. तिच्या जनुकावरचं मोन्सॅन्टोचं पेटंट २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने अवैध ठरवलं, कारण कायद्यानुसार बियाण्याला आणि रोपाला पेटंट नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला. पुरावे तपासून रीतसर खटला चालवा, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. पुढे २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही निकालाची खात्री नव्हती.

मग तुम्ही काय करायचं?

१. स्वतःला विचारा: "तालुक्यातल्या दुसऱ्या हुशार फॅब्रिकेटरला हे सहज सुचलं असतं का?" उत्तर 'हो' असेल, तर पेटंटवर पैसे घालू नका. ब्रँडचं नाव ट्रेडमार्क करा आणि सर्व्हिस चांगली द्या.

२. उत्तर 'नाही' असेल, तर अर्ज करण्याआधी यंत्राचा व्हिडिओ टाकू नका, प्रदर्शनात मांडू नका. शोध आधीच जगजाहीर झाला तर 'नवा' राहत नाही.

३. आधी तात्पुरता अर्ज करता येतो. पूर्ण तपशिलाचा अर्ज १२ महिन्यांत द्यायचा. या वर्षात यंत्र विकलं जातं का, तेही कळेल.

४. पेटंट २० वर्षांचं असतं, पण कॉपी करणाऱ्याला कोर्टात खेचायचं काम तुमचंच. वकिलाचा खर्च आजच हिशोबात धरा.

पेटंट हे शेताच्या कुंपणासारखं आहे. कुंपण घालण्याआधी जमीन खरंच आपली आहे का, ते बघा.

तुमच्या यंत्रात नेमकं नवीन काय आहे, ते आज वहीत दोन ओळींत लिहा. लिहिता आलं नाही, तर उत्तर तिथेच मिळालं!