शुद्ध मोजण्याची पन्नास वर्षे

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर १९७४ पूर्वी ‘ग्लानीत’, ‘अर्धवट शुद्धीत’ असे शेरे असत. रात्रपाळीच्या डॉक्टरांना वाटलेली ग्लानी आणि सकाळच्या डॉक्टरांना दिसलेली ग्लानी एकच की रुग्ण खालावला, हे कळायला मार्ग नसे. कवटीच्या आत रक्त साकळत असेल, तर नेमके तेच वेळेवर कळायला हवे.

त्या वर्षी ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये साधी पद्धत मांडली: ग्लासगो कोमा स्केल, म्हणजेच जीसीएस. रुग्ण डोळे कशाने उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, एवढेच टिपायचे. आज वापरात असलेल्या रूपात डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे १५ गुण. काहीच प्रतिसाद नसला तरी ३. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. नर्सनेही तासातासाला नोंद ठेवावी इतके हे सोपे होते. आज आपल्याकडच्या कॅज्युअल्टीतही ‘जीसीएस किती?’ हे लगेच विचारले जाते.

स्मृतीचा माग मात्र त्याआधीच सुरू झाला होता. मेंदूविकारतज्ज्ञ रिची रसेल १९३०च्या दशकापासून बऱ्या झालेल्या रुग्णांना विचारत, ‘मार लागल्यानंतरचे सलग कधीपासून आठवते?’ मधली पोकळी दिवसापेक्षा मोठी असेल तर इजा गंभीर, आठवड्यापेक्षा मोठी असेल तर अतिगंभीर. अडचण एवढीच, की नातेवाइकांनी सांगितलेले आणि स्वतःला आठवलेले रुग्णाच्या मनात एक होऊन जाते. म्हणून पुढे रुग्णाला रोजच्या रोज तपासणे सुरू झाले. १९७९मध्ये अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनची १०० गुणांची चाचणी आली. १९८६च्या सिडनीजवळच्या वेस्टमीड चाचणीत काल आलेल्या तपासनिसाचे नाव, चेहरा आणि दाखवलेली तीन चित्रे आज ओळखावी लागतात. सलग तीन दिवस १२ पैकी १२ मिळाले, तरच स्मृती परतली असे धरतात. नाव, गाव, महिना बरोबर सांगून जीसीएसमध्ये १५ मिळवणारा रुग्ण इथे अडखळू शकतो.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे काहीच प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांबाबतचा, धक्का २००६मध्ये बसला. केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी वाहन अपघातानंतर प्रतिसादशून्य झालेल्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगितले. तिच्या मेंदूचे हालचालीशी निगडित भाग निरोगी माणसासारखेच जागे झाले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मेंदूला इजा होऊन सूचनांना दिसेल असा प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत असल्याचे आढळले.

ग्लासगोच्या मापाने वर्णनातला गोंधळ संपवला, तो फक्त दिसेल तेवढेच मोजून. त्याची मर्यादाही तीच. १५ गुण मिळाले म्हणजे रुग्ण कामावर जायला मोकळा, आणि ३ मिळाले म्हणजे त्याला काहीच कळत नाही, हे दोन्ही निष्कर्ष त्या मापातून काढता येत नाहीत.