चाई पडते म्हणजे नेमकं काय होतं?

वेणी घालताना विशीतल्या मुलीच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा सापडतो. खाज नाही, दुखणं नाही. घरात मात्र लगेच सुरू होतं: शाम्पू बदल, तेलच लावत नाहीस! या दोन्हींचा चाईशी संबंध नाही.

डॉक्टर हिला 'ॲलोपेशिया एरिआटा' म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच हल्ला करते. हिचा कंगवा वापरला म्हणून दुसऱ्याला चाई पडत नाही. (डोक्यावरचं गजकर्ण पसरतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून आधी खात्री करून घ्या.) मुळं शाबूत राहतात, त्यामुळे केस परत येऊ शकतात. आणि पुन्हा जाऊही शकतात. आरशासमोर रोज छळतं ते हेच. त्यात 'स्थळाला सांगायचं का?' ही घरातली कुजबुज.

अमेरिकेच्या खासदार अयाना प्रेस्ली यांचे उरलेसुरले केस डिसेंबर २०१९ मध्ये, ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या मतदानाच्या आदल्या रात्री गेले. दुसऱ्या दिवशी त्या विग घालून सभागृहात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये एका व्हिडिओत त्यांनी तो काढला.

लहान चट्ट्यांवर सहसा स्टेरॉइडची इंजेक्शनं तिथेच देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.