यरीहोची भिंत आणि चर्चगेट लोकल

"तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी एवढं छान कसं?" रास अल खैमात आल्यापासून हा प्रश्न मला कोजागिरीच्या दुधाबरोबर आणि सौ.ला हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर हमखास मिळतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणून आम्हीही हसून सांगतो. आम्ही वसईचे, नंदाखालचे. घरी सामवेदी बोलतो, प्रार्थना मराठीत करतो आणि माझी आजी शेवटपर्यंत लाल लुगडं नेसत होती. पण हिंदी सिनेमाने लोकांच्या डोक्यात जो ख्रिस्ती माणूस बसवून ठेवलाय, तो रॉबर्ट नाहीतर मायकल. तो दारू पितो, 'हम बोला मॅन' म्हणतो आणि हिरोसाठी गोळी खाऊन मरतो. त्या मापात आम्ही काही बसत नाही.

म्हणूनच बासू चटर्जींचा 'बातों बातों में' (1979) आमच्या घरचा लाडका. वांद्र्याचं परेरा कुटुंब, विधवा आई, नोकरी करणारी मुलगी नॅन्सी आणि चर्चगेट लोकलमध्ये भेटलेला टोनी ब्रगँझा. यात कोणी गोळी खात नाही. माणसं ऑफिसला जातात आणि आई मुलीच्या लग्नाची काळजी करते. टोनी म्हणजे आपले अमोल पालेकर आणि अंकल टॉम म्हणजे डेव्हिड. ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावातच चौल घेऊन आलेले बेने इस्रायली! आईचं काम करणाऱ्या पर्ल पदमसींचा पडद्यावरचा मुलगा रणजित चौधरी हा त्यांचा खराच मुलगा. बासूदा चित्रपटात येण्याआधी 'ब्लिट्झ'मध्ये व्यंगचित्रं काढत. माणसांच्या लकबी टिपणारी त्यांची नजर तिथलीच असावी.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इथल्या सेंट अँथनी चर्चमध्ये (हे चर्च 2013 सालचं) रविवारची मिस्सा झाली की आमच्याकडे वसईची दोन-चार पोरं जेवायला येतात. 2022 पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी झाली म्हणून हे जमतं, नाहीतर पूर्वी आमचा 'रविवार' शुक्रवारी असायचा. त्यांतला एक पोरगा इथे कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचं गावाकडच्या मुलीशी ठरलंय, पण तारीख ठरत नाही. आधी म्हणाला बढती होऊ दे, मग म्हणाला घराचा स्लॅब पडू दे. तिचे वडील मला फोन करून विचारतात, आता मी काय सांगणार? सौ. म्हणाली, "उपदेश नको. सिनेमा लावा."

लावला. पालेकरांची घाबरट चाल बघून पोरं खिदळत होती. मग ती जागा आली. प्रेम आहे, भेटणं आहे, पण लग्नाचं नाव काढलं की टोनी म्हणतो, इतक्यात नको, अजून तयारी नाही. नॅन्सी आधी एकदा पोळलेली. तिच्यासाठी त्या 'इतक्यात'चा अर्थ वेगळा असतो. आमचा सुपरवायझर गप्प झाला.

मला वातावरण हलकं करायचं होतं, म्हणून मी दुसऱ्या सिनेमाची गोष्ट काढली. अमेरिकेत एम. एस. करताना विद्यापीठात फुकट दाखवलेला फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' (1934). आपल्याकडे त्याचेच 'चोरी चोरी' (1956) आणि 'दिल है कि मानता नहीं' (1991) झाले. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार एकाच खोलीत रात्र काढतात. तो मधे दोरी बांधून तिच्यावर कांबळं टाकतो आणि त्याला नाव देतो 'वॉल्स ऑफ जेरिको'. जेरिको म्हणजे मराठी बायबलातलं यरीहो. यहोशवाच्या पुस्तकात त्या शहराला सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या घातल्यावर, शिंगांचा आवाज आणि लोकांची आरोळी होते आणि तट कोसळतो. ना शिड्या, ना पहारी. मी इंजिनियर असल्यामुळे लहानपणी मला ही गोष्ट पटायची नाही, ते सोडा. सिनेमात कांबळं शेवटपर्यंत टिकतं. लग्न झाल्यावर खेळण्यातली पिपाणी वाजते आणि मगच ते खाली पडतं. मुलीच्या बापाने दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं, पण हा पठ्ठ्या फक्त खर्चाचे 39 डॉलर 60 सेंट मागतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे गुण सांगताना सुरुवात धीरापासून केली आहे, तो धीर हाच, असं मी पोरांना ऐटीत सांगितलं. आणि पुढे जोडलं, "आम्हीही तीन वर्षं थांबलो होतो की!"

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, तुम्ही कुठे थांबला होतात? तुम्ही तर पुढे जात होतात. थांबले होते मी."

खरं होतं. एम. एस. होऊ दे, नोकरी लागू दे, कर्ज फिटू दे, असं मी दर फोनला सांगत होतो आणि स्वतःला मोठा धीराचा समजत होतो. ती रोज विरार लोकलने चर्चगेटला जायची आणि गावात बायका तिच्या आईला गाठून विचारायच्या. कांबळ्याच्या अलीकडे थांबणाऱ्याने स्वतःचं मन आवरलेलं असतं. मी मात्र दुसऱ्याला रांगेत उभं करून धीर माझ्या नावावर जमा केला होता. टोनीचंही तेच. वीस वर्षं मी हा सिनेमा नॅन्सीच्या आईला हसत बघितला. एकच प्रश्न परत परत विचारणारी ती बाई हास्यास्पद वाटायची. त्या दिवशी वाटलं, घरात मुलीच्या बाजूने घड्याळ बघणारी ती एकटीच आहे.

आमच्याकडे लग्न फादर लावतात असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते साक्षीदार असतात, वचन वधूवरच एकमेकांना देतात. त्याआधी साधारण तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात आणि फादर विचारतात, स्वखुशीने आलात ना? पगार किती, स्लॅब पडला का, हे कोणी विचारत नाही. हे मी त्या पोराला सांगणार होतो, पण सौ.ने डोळे वटारले. माझा उपदेशाचा कोटा संपला होता.

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाकीची पोरं चप्पल शोधत होती. हा मोबाइल हातात घेऊन बाल्कनीच्या दारात उभा. "वहिनी, तिकडे साडेबारा झाले असतील. झोपली असेल ती."

"उठेल," सौ. म्हणाली आणि भांडी आवरायला आत गेली.