तिसऱ्या चाकाची लाज

दोन वर्षांपूर्वी स्टेट कॉलेजजवळ पाइन ग्रोव्ह माउंटनच्या वळणावर बाईक खडीवरून घसरली आणि माझा डावा गुडघा कामातून गेला. सिग्नलला साडेतीनशे किलोंचं धूड पायावर तोलणं आता शक्य नव्हतं. म्हणून यंदा ट्राइक घेतली. पुढे एक चाक, मागे दोन.

वाटलं, तीन चाकं म्हणजे सोपंच! पण जुनी सवय आडवी आली. वेगातली दुचाकी उजवीकडे वळवताना आपण नकळत उजवं हँडल पुढे ढकलतो, गाडी उजवीकडे झुकते. ट्राइक झुकत नाही. तेच हँडल ढकललं की ती डावीकडे जाते. थांबताना पाय टेकायचा नाही, मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं. तीन रविवार रिकाम्या पार्किंगमध्ये हेच गिरवलं.

त्याहून अवघड होती लाज. पुण्यात बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर ‘स्कूटरला बाजूची चाकं लावा’ म्हणून मीच फोनवर लेक्चर द्यायचो. ‘लोक काय म्हणतील?’ म्हणत ते घरी बसले. कट्टा सुटला, नाटकं सुटली. मला तो हट्ट वाटायचा.

आणि आता ट्राइकचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला मलाच आठ दिवस लागले.

बाबांचा लगेच फोन. “रिव्हर्स आहे का रे हिला?”

“आहे, बाबा.”

“हं.”

गेल्या आठवड्यात आईने फोटो पाठवला. आरटीओची मंजुरी घेऊन चाकं लावलेली स्कूटर, आणि हेल्मेट घालून कट्ट्यावर निघालेले बाबा.