रॉकर बदलला, पुढे काय?

शेवरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ साली अमेरिकेत आले. ताकद वाढवण्यासाठी त्याचे १.५ प्रमाणाचे रॉकर काढून १.६ चे बसवणे ही तिथल्या शौकिनांची जुनी युक्ती. ऑटोमोबाइल क्लबमध्ये हे कळले तेव्हा मी म्हणालो, "उस्ताद, नुसते रॉकर बदलले की झाले!" उस्तादांनी मला वही काढायला लावली.

रॉकर म्हणजे तरफ. एका टोकाला पुशरॉड तिला वर ढकलतो, दुसरे टोक व्हॉल्व्ह खाली दाबते. व्हॉल्व्हकडची भुजा दीडपट लांब असेल तर प्रमाण १.५. कॅमने पुशरॉड ८ मिमी उचलला की व्हॉल्व्ह १२ मिमी उघडतो. १.६ च्या रॉकरने तोच १२.८ मिमी उघडेल. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

उस्तादांनी क्लबमधली एक जुनी व्हॉल्व्ह स्प्रिंग माझ्या हातात दिली. हेडवर बसवल्यावर तिची उंची ४३ मिमी. व्हाइसमध्ये पूर्ण दाबली, वेटोळ्याला वेटोळे टेकले, तेव्हा २९.५ मिमी. म्हणजे दबायला जागा १३.५ मिमी. आधी दीड मिमी शिल्लक राहत होती, आता फक्त ०.७ राहणार. वेटोळी एकमेकांना भिडली तर पुशरॉड वाकतो. म्हणून स्प्रिंगही बदलावी लागते.

पिस्टनचे अंतरही तपासावे लागते. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती लावून इंजिन हाताने फिरवायचे, मग माती कापून जाडी मोजायची. सर्वसाधारणपणे इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी तरी हवी. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला तर इंजिन गेलेच.

शेवटी टॅपेट. फिलर गेजने आपण फट व्हॉल्व्हच्या टोकाशी मोजतो, पण कॅमचा चढ पुशरॉडकडच्या फटीसाठी घासलेला असतो. १.५ वर ०.३० मिमी फट म्हणजे पुशरॉडकडे ०.२०. तीच कायम ठेवायची तर १.६ वर ०.३२ मिमी हवी. हायड्रॉलिक टॅपेटला अशी फट नसते, तरी रॉकरचा नट नव्याने बसवावाच लागतो.

"एक आकडा बदलला की पूर्ण रांग पुन्हा सरळ करायची," उस्ताद म्हणाले.

मी वहीतल्या त्या दोन रेघा खोडल्या आणि खाली लिहिले: स्प्रिंग, पिस्टन, टॅपेट.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी