तीनशे साडेबारा

दिवाळी उलटली की वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते, आणि जिनिंगच्या फाटकाशी वजनकाट्यावर गाडी एकदा भरलेली व एकदा रिकामी उभी राहून जी पावती शेतकऱ्याच्या हाती पडते, तिच्यावर त्याच्या वर्षभराच्या कष्टांचा हिशेब ठरतो. तक्रार होते ती ओलाव्याची, कटतीची आणि भावाची. काट्यापासून कागदापर्यंत आकडा कोणत्या वाटेने आला, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

वाट मोठी नाही. काट्याखालचे लोड सेल भाराचे रूपांतर सूक्ष्म विद्युत्दाबात करतात, इंडिकेटर त्याचे अंक बनवितो, आणि ते अंक आरएस-२३२ या १९६० साली ठरलेल्या पद्धतीने एकामागून एक तारेवरून निघतात. बहुतेक नव्या संगणकांना त्या तारेचे जुने भोक उरलेले नाही, म्हणून मध्ये यूएसबीचा एक परिवर्तक लावावा लागतो. आणि जेथे त्या परिवर्तकात ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची चिप व संगणकावर लिनक्स असेल, तेथे आकड्याची जबाबदारी ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि बिल रायडर यांनी १९९९ च्या सुमारास सी भाषेत लिहावयास घेतलेल्या एका ड्रायव्हरकडे जाते.

या ड्रायव्हरचे दप्तर कोणालाही उघडून वाचता येते. द्वार उघडणे, आलेली अक्षरे पुढे सोपविणे ही नित्याची कामे त्याने यूएसबी-सिरियल विभागातील सामाईक फंक्शनांवर सोपविली आहेत, ती इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरांनाही तितकीच उपयोगी पडतात. स्वतःकडे त्याने राखले ते चिपच्या स्वभावाचे ज्ञान, आणि ते ज्या लहान साहाय्यक फंक्शनांत साठविले आहे, त्यांतले एक माझ्या विशेष आवडीचे आहे. दहा-पंधरा ओळींचे, फाइलीच्या बाहेर नावही दिसू नये म्हणून ‘स्टॅटिक’ घोषित केलेले. आणि काम एकच, वेगाचा भाजक काढणे.

काटा बहुधा सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने बोलतो. चिपचा मूळ वेग ३० लाख. म्हणजे भाजक तीनशे साडेबारा. आता लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, अपूर्णांकाचे गणित प्रोसेसरच्या खास यंत्रणेकडून करवून घेऊ नये असा दंडक आहे, कारण त्या यंत्रणेत चालू कार्यक्रमाचे आकडे असतात, ते आधी जपून ठेवावे लागतात आणि तो खर्च दर वेळी परवडत नाही. तेव्हा हे फंक्शन सगळा व्यवहार अष्टमांशांत करते, जसा रुपयाचे सोळा आणे होते त्या काळी दुकानदार चवली, पावली, अधेलीत करीत असे: मूळ वेगाच्या सोळापट, म्हणजे ४ कोटी ८० लाखांना ९,६०० च्या दुपटीने भागून अडीच हजार अष्टमांश येतात, त्यांतून ३१२ पूर्ण आणि चार अष्टमांश शिल्लक. भागाकार करताना जवळच्या पूर्णांकाकडे झुकण्यासाठी आधी अर्धा भाजक मिळविला जातो, ही युक्तीही जुनीच.

शिल्लक अष्टमांशांना चिपच्या भाषेत सांगण्यासाठी आठ अंकांचा एक तक्ता आहे: शून्य, तीन, दोन, चार, एक, पाच, सहा, सात. प्रथमदर्शनी तो विस्कटलेला वाटतो. परंतु जुन्या चिपला अर्धा, पाव आणि अष्टमांश एवढेच अपूर्णांक ठाऊक होते आणि एक, दोन, तीन हे संकेत त्यांना आधीच दिलेले होते. पुढची चिप उरलेले चार अपूर्णांक शिकली, तेव्हा जुन्यांना न हलविता नव्यांना मागचे क्रमांक मिळाले.

९,६०० ला हे गणित तंतोतंत जुळते. १,१५,२०० ला मात्र भाजक २६ येऊन वेगात शेकडा सुमारे ०.१६ ची तफावत राहते, जी समोरचे यंत्र सहज सोसते. भाजक ढोबळ चुकला तर पावतीवर पाच किलोंचा फरक पडत नाही, पडद्यावर बहुधा अर्थहीन अक्षरांचा खच पडतो. आणि पैशाच्या व्यवहारात अशी उघडी चूक छुप्या चुकीपेक्षा कितीतरी बरी. म्हणूनच याच ड्रायव्हरची एक वहिवाट मला पसंत नाही: ३० लाखांहून अधिक वेग कोणी मागितला, तर मागणी न फेटाळता तो ९,६०० लावून देतो, आणि तसे झाल्याची नोंद करतो ती एरवी बंद असलेल्या तपासणीच्या संदेशांत.