लहान ध्वनिवर्धक व त्यास साजेसा कर्णा

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत आज ध्वनिक्षेपक ठाऊक नाहीं असें गांव शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. शाळेचें स्नेहसंमेलन असो, भजनी मंडळाचा सप्ताह असो, ग्रामसभा असो, कीं कोजागिरीस सोलापुराहून तुळजापुराकडे पायीं निघालेल्या यात्रेकरूंसाठीं रस्त्याच्या कडेला घातलेला मांडव असो, तेथें तें यंत्र असावयाचेंच. परंतु हें साहित्य विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे मंडळी दुकानदारास एकच प्रश्न विचारतात: "किती वॅटचें आहे?" आमच्या मतें हा प्रश्न दुसरा होय, पहिला प्रश्न निराळाच आहे. तो विचारला न गेल्यामुळें वर्गणीचे पैसे खर्च होऊनहि मागच्या रांगेंत बसलेल्या आईबापांना आपल्या मुलाचें भाषण ऐकूं येत नाहीं तें नाहींच.

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवून घेऊं. बाजारांत ज्यास अँप्लिफायर म्हणतात त्यास आम्ही ध्वनिवर्धक म्हणतों. तो मायक्रोफोनकडून आलेली दुबळी विद्युत् सबळ करतो. त्या विजेचा पुन्हां आवाज करणारा जो स्पीकर, तो ध्वनिक्षेपक. आणि ज्या ध्वनिक्षेपकाचें तोंड धोतऱ्याच्या फुलासारखें पुढें पुढें रुंद होत गेलेलें असतें, ज्यास लोक भोंगा म्हणतात, तो कर्णा.

आतां खरी गोष्ट अशी आहे कीं, साधा ध्वनिक्षेपक हें एक अत्यंत उधळें यंत्र आहे. घरांतील रेडिओच्या पेटींत कागदी शंकूचा जो ध्वनिक्षेपक असतो, त्यास विजेचे शंभर भाग दिले तर त्यांतील एक भागसुद्धां पुष्कळदां आवाजाच्या रूपानें बाहेर पडत नाहीं. बाकीचे नव्याण्णव भाग आंतील तारेचें वेटोळें तापविण्यांत खर्ची पडतात. असें कां व्हावें? हवा फार हलकी आहे म्हणून. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर उभा राहून पांखरें हांकणारा राखणदार आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या गोफणींतून सुटलेला दगड शेताच्या पलीकडे जातो. पण त्याच गोफणींत कापसाचा पुंजका घालून त्याच जोरानें फिरविली तर? हात तितकाच दुखेल, आणि पुंजका चार पावलांवर पडेल. जड शंकूनें हलकी हवा ढकलण्याचा उद्योग थेट ह्या प्रकारचा आहे.

कर्णा ही अडचण दूर करतो. त्याच्या अरुंद गळ्यांत कोंडलेली हवा पडद्याच्या पुढें बाजूस सरकूं शकत नाहीं. ती जणूं वजनदार होते, आणि पडद्याचा जोर तिला खरोखर लागूं पडतो. पुढें नळी हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळें तो जोर बाहेरच्या मोकळ्या हवेच्या हातीं धक्का न बसतां सोंपविला जातो. चावीच्या ग्रामोफोनमध्यें वीज मुळींच नसे. सुईच्या थरथरीनें हलणारा एक लहानसा पडदा व त्यापुढें कर्णा, एवढ्या सामग्रीवर सारा वाडा गाणें ऐकत असे. दुसऱ्या तऱ्हेनें हेंच कार्य गोंधळ्याच्या तुणतुण्यांत चालतें. नुसती ताणलेली तार छेडली तर शेजाऱ्यासहि ऐकूं येणार नाहीं. तिला पोकळ लाकडाची व कातड्याच्या बुडाची सोबत मिळाली म्हणजे ती संबळाच्या घाईंतहि आपलें अस्तित्व कळविते.

ध्वनिक्षेपकाची ही कार्यक्षमता मोजण्याचें माप ठरलेलें आहे, आणि आमचा पहिला प्रश्न तोच: एक वॅट वीज दिली असतां एक मीटर अंतरावर हा किती डेसिबेल आवाज देतो? चांगला कारखानदार हा आंकडा कागदावर छापतो. घरगुती लहान पेटीचा तो ८५ ते ९० च्या आंत असतो. सभेसाठीं केलेल्या मोठ्या शंकूच्या पेटीचा ९५ ते १०० च्या सुमारास, आणि चांगल्या कर्ण्याचा १०५ किंवा त्याहूनहि अधिक. हे आंकडे जवळजवळचे दिसतात, आणि येथेंच खरेदीदार फसतो. डेसिबेलचा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. ३ डेसिबेल वाढविण्यास वीज दुप्पट लागते आणि १० वाढविण्यास दसपट. शिवाय दसपट वीज खर्चूनहि कानाला आवाज सुमारें दुप्पटच झाल्यासारखा वाटतो.

एक उदाहरण करून पाहूं. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनींहि तें सोडूं नये. शाळेचें मैदान आहे, आणि शेवटची रांग ध्वनिक्षेपकापासून ३२ मीटरांवर आहे. ध्वनिवर्धक १० वॅटचा. उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबेल उतरतो. एकापासून बत्तीसपर्यंत पांच वेळां दुप्पट होते, म्हणजे ३० डेसिबेल गेले. आतां ८८ डेसिबेलची पेटी लावली तर १० वॅटांवर एक मीटरपाशीं ९८, आणि शेवटच्या रांगेंत ६८. जमलेल्या मुलांची कुजबुजच जवळजवळ तितकी असते. भाषण त्यांत बुडणार. त्याच ध्वनिवर्धकास १०६ डेसिबेलचा कर्णा जोडला तर शेवटच्या रांगेंत ८६ मिळतात आणि शब्द न् शब्द कळतो. पेटी तीच ठेवून हा परिणाम साधावयाचा तर ध्वनिवर्धक सुमारें ६३० वॅटचा हवा, आणि इतकी वीज ती पेटी सोसणारहि नाहीं! उलट कर्ण्यास केवळ २ वॅट दिले तरी मागें ७९ डेसिबेल पोंचतात. ऐन समारंभांत वीज गेली असतां याचें महत्त्व कळतें. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरींत सारे ८४ वॅट-तास असतात. लहान ध्वनिवर्धक त्यांवर संध्याकाळ निभावून नेईल; मोठा ध्वनिवर्धक पाहुण्यांच्या परिचयापर्यंतच टिकेल.

ही विद्या नवी नाहीं. अमेरिकेंतील प्रिडहॅम व जेन्सन या दोघांनीं १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक लोकांपुढें वाजविला, तेव्हां त्यास कर्णाच लाविला होता. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा बोलपट लागला. त्या काळचे चित्रगृहांचे ध्वनिवर्धक आजच्या हिशेबानें अगदींच लहान, पुष्कळदां दहाबारा वॅटांच्या आंतबाहेरचे असत, आणि प्रेक्षागार भरून टाकण्याचें काम पडद्यामागील मोठमोठे कर्णे करीत. त्याच सुमारास मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या पेढीनें काँग्रेसच्या अधिवेशनांस ध्वनिक्षेपक पुरविले. महात्मा गांधी व पंडित नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर त्या पेढीचें नांव दिसतें. नांव अमेरिकन शहराचें, पेढी मात्र अस्सल हिंदी! वॅट महाग होते म्हणून त्या पिढीनें ध्वनिक्षेपकावर मेहनत घेतली. पुढें ट्रँझिस्टरमुळें वॅट स्वस्त झाले आणि ती काटकसर विसरली गेली.

मग सर्वांनीं कर्णाच घ्यावा काय? नाहीं. कर्ण्यालाहि एक मोठें व्यंग आहे. लहान कर्णा सुमारें ३०० ते ४०० कंपनांच्या खालचा खर्ज देतच नाहीं. भाषणाचें त्यामुळें फारसें बिघडत नाहीं, कारण शब्द ओळखूं येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळें, आणि तीं वरच्या कंपनांत असतात. परंतु भजनाची गोष्ट वेगळी. मृदंगाची धुम व तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा कर्ण्यांतून पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा येतो, आणि ऐकणारा पखवाजीस दोष देतो! खर्जहि यावा व कार्यक्षमताहि असावी तर कर्णा कित्येक हात लांब करावा लागतो किंवा पेटी कपाटाएवढी. अमेरिकेंतील पॉल क्लिप्श यांनीं १९४० नंतर खोलीचा कोपराच कर्ण्याचा भाग बनविण्याची युक्ति काढली, तरी पेटी मोठी ती मोठीच राहिली. याच्या उलट एडगर व्हिल्चर यांनीं १९५४ सालीं लहान बंद पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला, पण त्याची किंमत कार्यक्षमतेंत मोजावी लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिहींपैकीं दोनच वस्तु एका वेळीं पदरांत पडतात. तिन्ही देऊं म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून जपून राहावें.

म्हणून आमचा सल्ला असा. सूचना, भाषणें, ग्रामसभा यांसाठीं कर्णा. भजन, नाट्यगीतें, मुलांचें समूहगान यांसाठीं बारा किंवा पंधरा इंची शंकूची, ९५ डेसिबेलच्या वरची मोठी पेटी. ती उचलण्यास दोन माणसें लागलीं तरी चालेल. घरीं एकट्यानें ऐकावयाचें असल्यास लहान पेटीहि पुरते, कारण तेथें अंतरच दोन मीटरांचें असतें.

ध्वनिक्षेपकावर "१०० वॅट" असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ तो शंभर वॅट मागतो असा नव्हे; तेवढे सोसतो इतकाच. १० वॅटच्या ध्वनिवर्धकास तो खुशाल जोडावा. उलट लहान ध्वनिवर्धकाची खुंटी पिळून शेवटापर्यंत नेऊं नये. लहरींचे माथे छाटले जाऊन आवाज कर्कश होतो. ओहमचा आंकडा मात्र जुळला पाहिजे. ध्वनिवर्धकावर किमान ४ ओहम लिहिलें असेल तर ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक शेजारीं शेजारीं जोडतां येतात, तीन नाहींत.

आतां तारेविषयीं. तिजकडे कोणीहि पाहत नाहीं. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ५० मीटर नेली तर जातां-येतां १०० मीटर होते आणि तिचा विरोध सुमारें पावणेदोन ओहम भरतो. ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकास मिळावयाच्या विजेपैकीं तीस टक्के तारेंतच जिरते. ८ ओहमच्या वेळीं अठरा टक्के. तेव्हां तार जाड घ्यावी आणि ध्वनिवर्धक व्यासपीठाजवळ ठेवावा. फार लांब न्यावयाचें असल्यास १०० व्होल्टच्या जोडणीचे कर्णे मिळतात, ते घ्यावे.

कर्णा बसविण्याची जागाहि विचारानें निवडावी. तो उंच बांधावा व त्याचें तोंड शेवटच्या रांगेकडे किंचित् खालीं झुकवावें. मायक्रोफोन त्याच्या पाठीमागें असावा, नाहींतर शिट्टी वाजूं लागते. वरच्या उदाहरणांतील कर्णा दहा वॅटांवर एक मीटरपाशीं ११६ डेसिबेल देतो. लहान मुलांना त्याच्या तोंडासमोर बसविणें म्हणजे त्यांच्या कानांस कायमची इजा करण्यासारखें आहे. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें उघड्या जागेंत रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, आणि दिवसाहि वस्तीच्या भागांत ५५ डेसिबेलची मर्यादा आहे. कर्णा आवाज एका दिशेस फेंकतो, म्हणून त्याचें तोंड मैदानाकडे व पाठ घरांकडे ठेवली तर मागच्या रांगेस ऐकूं येतें आणि शेजारच्या ओसरीवर अभ्यास करणाऱ्या मुलाचाहि खोळंबा होत नाहीं.